इंजिन ऑइल गळतंय: सील बदलण्याआधी गळतीची जागा पक्की करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला कळेल. नऊ वर्षं चाललेली पेट्रोल गाडी. रोज सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तळहाताएवढा काळपट डाग. ऑइल बदलताना तुम्ही फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाकलात, तरी डाग तसाच. मग एका मेकॅनिकने खालून बॅटरी मारली आणि ‘क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं. (क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि तो गिअरबॉक्सकडे बाहेर निघतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे हे सील.) आता तुम्हाला विचारायचंय की हे सील घरी बदलता येईल का, आणि येत नसेल तर गळती थांबवणारी बाटली ओतून भागेल का.

मागचं सील घरी बदलायच्या फंदात पडू नका, हे माझं उत्तर. पण ते सील गेलंय हे अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही. तेल तिथून टपकतंय, एवढंच तुमच्या वर्णनावरून कळतं. ते निघतंय कुठून, हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो घरच्या घरी एखाद्या सुट्टीच्या दिवसात सोडवता येतो.

सुटलेलं तेल इंजिनाच्या अंगाला चिकटून खाली ओघळतं, आणि गाडी धावत असताना वारा त्याला मागे ढकलतो. वाटेत एखादी कड, बोल्टचं डोकं, वायरचा गुच्छ लागला की ते तिथून वळतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड ही बहुतेक गाड्यांत सगळ्यात खालच्या जागांपैकी एक, त्यामुळे वरच्या कुठल्याही गळतीचं तेल शेवटी तिथेच येऊन लोंबतं. त्यात इंजिनाखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर आणखी घोटाळा. तेल त्या कव्हरवर साठतं आणि कव्हरच्या एखाद्या भोकातून पडतं. अशा गाडीत जमिनीवरच्या डागाची जागा भोक कुठे आहे तेवढंच सांगते.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा जास्त ठामपणे बोलतो. कामाला लागून चारपाच वर्षं झाली असतील. असाच डाग, अशीच जागा. मी गिअरबॉक्स उतरवला, मागचं सील बदललं, सगळं जोडलं. चार दिवसांनी डाग हजर. शेवटी आरसा घालून पाहिलं तेव्हा ब्लॉकच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी, ऑइल प्रेशरचा स्विच भिजलेला दिसला. दहा मिनिटांचं काम होतं. काढलेलं सील टेबलावर ठेवून पाहिलं तर त्याची कड अजून मऊ होती. तेव्हापासून धुतल्याशिवाय आणि डोळ्यांनी ओघळाचं टोक पाहिल्याशिवाय मी एकही सील काढत नाही.

आता क्रमाने घेऊ.

आधी ते इंजिन ऑइलच आहे याची खात्री करा. खालून एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्या आणि शेजारी डिपस्टिकवरचा थेंब टेकवा. रंग, गुळगुळीतपणा आणि वास जुळला तर पुढे जा. तुमच्या बाबतीत ही पायरी महत्त्वाची, कारण त्याच जागी आणखी दोन गोष्टी गळू शकतात. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तर गिअर ऑइल बेल हाउसिंगमधूनच, म्हणजे क्लच ज्या घंटीसारख्या घरात बसतो त्यातूनच, खाली येतं. त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. आणि क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचा खालचा सिलिंडरही त्याच भागात असतो. त्याचं द्रव पातळ, फिकट आणि पाण्यात मिसळणारं असतं. कूलंट रंगीत आणि गोडसर वासाचं. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी सोडा.

मग पुठ्ठा. गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, त्यावर चाकांच्या जागा आणि गाडीचं तोंड कुठे ते पेनाने आखा. एवढं बरेच जण करतात. मी एक पायरी जास्त करतो. पहिल्या रात्री गाडी नेहमीसारखी फिरवून आणून उभी करा. सकाळी पुठ्ठा बदला आणि पुढचे चोवीस तास गाडी सुरूच करू नका. दुसऱ्या पुठ्ठ्यावरही तितकंच तेल पडलं, तर गळती उभ्या इंजिनातल्या तेलाच्या पातळीखाली आहे. म्हणजे ड्रेन बोल्ट, चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग, किंवा चेंबरलाच गेलेला तडा. दुसरा पुठ्ठा जवळजवळ कोरा राहिला, तर तेल इंजिन चालू असतानाच सुटतंय, आणि रात्री जे टपकतं ते अंगावर राहिलेलं आहे. मागचं सील, टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण), प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक हे सगळे दुसऱ्या गटातले. बंद इंजिनात तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि बहुतेक इंजिनांत क्रँक त्या पातळीच्या वर असतो. पूर्ण भरवशाची ही चाचणी नाही, पण अर्धे संशयित हात काळे न करता कमी होतात.

गळती किती हेही त्याच पुठ्ठ्यावरून काढा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रात्रभरात दहा थेंब पडले तर तो अर्धा मिलिलिटर, महिन्याला पंधरा. तळहाताएवढा डाग पाहून छातीत धस्स होतं, पण तेल पसरतं फार, आणि तेवढा डाग थोड्या थेंबांनीही होतो. उलट मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरांच्या वर. अर्थात पुठ्ठा फक्त उभ्या गाडीचं सांगतो, रस्त्यावर सांडलेलं त्याला दिसत नाही. म्हणून दर आठवड्याला त्याच सपाट जागी, सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक पाहून पातळी लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. पातळी झपाट्याने उतरतेय आणि खाली फारसं काही पडत नाही, तर एक्झॉस्टच्या निळसर धुराकडे बघा. ते तेल जळतंय, आणि तो वेगळा आजार आहे.

दोन परिस्थितींत हे सगळं मोजमाप बाजूला ठेवायचं. गरम एक्झॉस्टवर तेल पडून जळका वास किंवा बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल तर गाडी चालवू नका, तिथे आग लागू शकते. आणि चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. पुष्कळांना तो पातळीचा दिवा वाटतो. तो दाबाचा आहे, आणि दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्यांची इंजिनं मी उघडली आहेत.

पुढचं काम धुण्याचं, आणि नव्वद टक्के लोक इथेच कंटाळा करतात. नऊ वर्षांचं तेल, धूळ आणि काजळी यांचा जो थर बसलेला असतो, त्यात ताजं तेल ओळखू येत नाही. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, उघडे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधा. डिग्रीझर मारा, नसेल तर रॉकेल आणि जुना रंगाचा ब्रश. पेट्रोल अजिबात वापरू नका. वरून खाली घासत या आणि हलक्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाणी नको तिथे शिरतं आणि मग गळतीऐवजी मिसफायर शोधत बसावं लागतं. खालचं प्लॅस्टिक कव्हर काढून वेगळं धुवा आणि तपास संपेपर्यंत लावू नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला. वापरलेलं इंजिन ऑइल वर्षानुवर्षं कातडीवर राहणं चांगलं नाही, माझ्या पिढीने ते उशिरा ऐकलं.

गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर स्टँड लावा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्या, आणि आत जाण्याआधी गाडीला हाताने जोराचा हिसका देऊन बघा. विटा, लाकडाचे तुकडे, सुटी चाकं यांवर माझा विश्वास नाही. स्टँड नसतील तर खालचं काम करूच नका, वरून आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा घालून पुष्कळ दिसतं.

धुतलेलं इंजिन पूर्ण वाळू द्या, तार जोडा आणि सुरू करा. गरम होऊ द्या, दहापंधरा मिनिटं उभ्या जागी चालवा, मध्येमध्ये एंजिनाचा वेग थोडा वाढवा. पट्टा आणि पंख्यापासून हात, बाही, फडकं लांब. मग बंद करून टॉर्च घेऊन पाहा. खालून वर जायचं. ओला ओघळ सापडला की त्याच्या उगमाकडे चढत जा आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. त्याच्या वर सगळं कोरडं असेल तर तीच जागा. काही दिसलं नाही तर पाचदहा किलोमीटर फिरवून आणा आणि पुन्हा पाहा. तरीही नाही, तर दुसऱ्या दिवशी. हळू पाझर एका फेरीत दिसत नाही.

संशयाची जागा एकदोनच उरली असेल तर एक जुनी युक्ती: त्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा. ताजं तेल तिच्यात गडद रेघ ओढतं. आणि गळती फारच लबाड असेल तर रंगद्रव्य. इंजिन ऑइलसाठीचं फ्लुरोसंट डाय मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या मापाने तेलात ओतायचं, गाडी दोनतीन दिवस नेहमीसारखी चालवायची आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट बॅटरीने पाहायचं. गळतीची वाट पिवळीहिरवी चमकते. तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा चाललीय, मी डाय टाकल्याशिवाय निर्णयच घेणार नाही. फक्त ओतताना बाहेर सांडू नका. सांडलं तर पुसून, धुऊन मगच पुढे, नाहीतर तुम्ही स्वतःच सांडलेला थेंब गळती म्हणून सापडेल.

आता जागा सापडली असं धरू. तरी पाना उचलण्याआधी एक प्रश्न विचारायचा: इथलं तेल बाहेर येण्याचं कारण काय? इंजिनात तेल दोन अवस्थांत असतं. पंपापासून फिल्टर, प्रेशर स्विच, कूलर, टर्बो असेल तर त्याची नळी, इथलं तेल दाबाखाली असतं. गरम इंजिन वेगात असताना हा दाब साधारण टायरमधल्या हवेएवढा किंवा त्याहून जास्त असतो. इथली लहान गळती एका दिवसात मोठी होऊ शकते, म्हणून ती लगेच दुरुस्त करायची. दुसरीकडे टॅपेट कव्हरखाली, चेंबरमध्ये, क्रँकच्या सीलांपाशी तेल नुसतं उडतं आणि वाहतं, त्यामागे पंपाचा जोर नसतो. इथली गळती बहुधा पाझर असते आणि तुम्हाला विचार करायला वेळ देते.

पण या दुसऱ्या जागांवर एक वेगळा दाब येतो, तो वायूचा. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. तो ब्रीदरच्या नळीतून आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये खेचला जातो. ही वाट चिकट्याने चोंदली की वायू आत कोंडतो आणि जो सांधा सगळ्यात कमजोर तिथून तेलाला बाहेर ढकलतो. मग तुम्ही टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलता, तर महिन्याभरात पुढचं सील ओलं होतं. ते बदलता, मागचं सुरू होतं. लोक नव्या मालाला शिव्या देतात. एकाच वेळी दोनतीन ठिकाणी पाझर दिसला तर मी आधी ब्रीदरच तपासतो.

घरी तपासायची सोपी रीत सांगतो. इंजिन गरम, आयडलवर. ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून, रबरबँडने घट्ट बसवा, आत खेचला जाणार नाही असा. पेट्रोल इंजिनात मोजा किंचित आत ओढला जायला हवा. फुगून वर उभा राहिला तर ब्रीदर चोंदलाय किंवा रिंगा थकल्यात. उलट फार जोरात आत ओढला गेला, शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीचा पडदा फाटलेला असू शकतो. काही इंजिनांत झाकण काढताच आयडल बिघडतं किंवा तेल उडतं, तेव्हा मोजा आधी हाताशी ठेवा. डिझेलला ही मोजपट्टी लावू नका, तिथे थोडा वायू बाहेर येणं नेहमीचंच. ब्रीदरची नळी काढून फुंकून बघा, आत काळा चिकटा असेल तर साफ करा, भेगा असतील तर बदला. पीसीव्ही व्हॉल्व्ह सुटा निघणारा असेल तर कानाशी हलवा. बऱ्याच जुन्या प्रकारांत आतला तुकडा खुळखुळतो, आणि तो मुका झाला असेल तर बदलायचा.

आता तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय. नऊ वर्षांची पेट्रोल गाडी आणि जोडापाशी तेल, हे ऐकल्यावर मी टॅपेट कव्हरची गिअरबॉक्सकडची कड आधी पाहतो. तिथलं पॅकिंग उष्णतेने कडक होतं आणि तेल ब्लॉकवरून सरळ बेल हाउसिंगच्या जोडावर उतरतं. खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलसारखं दिसतं. स्पार्क प्लगच्या विहिरीत तेल साठलेलं असेल तर हा संशय आणखी पक्का, कारण प्लगच्या नळीची सीलं त्याच कव्हरमध्ये असतात आणि त्याच वयाची असतात.

हे काम घरी होतं. इंजिन थंड असताना, आधी फोटो काढून, कॉइल आणि नळ्या सोडवा. कव्हरचे बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने थोडेथोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर कडेच्या टोकाला हलकी टिचकी. पॅकिंगच्या पृष्ठभागात स्क्रूड्रायव्हर खुपसलात तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि गळतीला कायमची वाट मिळते. जुनं पॅकिंग काढून बोटांत वाकवून बघा. प्लॅस्टिकसारखं ताठ आणि चपटं झालेलं असेल तर गळतीचं कारण हातात आहे. दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, तेलाचा अंशही राहणार नाही असे पुसा. पॉलिश पेपर किंवा घासणारी चकती वापरू नका, तिची धूळ तेलात जाऊन बेअरिंगांना खाते. हेडच्या उघड्या भागात काही पडू नये म्हणून स्वच्छ फडकी पसरा आणि किती पसरली ते मोजून ठेवा.

नवं रबरी पॅकिंग खाचेत कोरडंच बसतं. त्यावर सगळीकडे सिलिकॉन थापायची सवय मी पुष्कळ ठिकाणी पाहिलीय, आणि ती चुकीची आहे. सिलिकॉन लागतं ते फक्त जिथे दोन भाग मिळून सांधा तयार होतो तिथे: टायमिंग कव्हर आणि हेडच्या सांध्यावर, कॅमच्या अर्धगोलाच्या कोपऱ्यांवर, तेही वाटाण्याहून लहान ठिपका. जास्तीचं सिलिकॉन आत दबून तुटतं, चेंबरमध्ये पडतं आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतं. गळती थांबवायला जाऊन इंजिन जाम करण्याचा हा खात्रीचा मार्ग. ठिपका लावल्यावर कव्हर लगेच बसवा. पॅकेटवर लिहिलेला वेळ, बहुतेकांना पूर्ण सुकायला चोवीस तास, गाडी सुरू करू नका.

बोल्ट आवळताना मधून बाहेर, आलटूनपालटून, दोनतीन फेऱ्यांत. हे सहसा सहा मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. लांब दांड्याचा पाना इथे नको. जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात, प्लॅस्टिकचं कव्हर वाकतं, पत्र्याच्या कव्हरला बोल्टपाशी खळगे पडतात आणि मधला भाग उचलला जातो. काही बोल्टांना खांदा असतो, ते ठरावीक खोलीवर थांबतात. तिथे पुढे आवळून काही होत नाही, खालचे रबरी वायसर बदलावे लागतात. प्लगच्या नळीची सीलंही याच वेळी टाका. त्यांच्यासाठी पुन्हा कव्हर काढायचा कंटाळा तुम्हालाच येईल.

बाकीचे संशयित थोडक्यात. फिल्टर तुम्ही नुकताच बदललाय, तर एक गोष्ट नक्की बघा: जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनाला चिकटून राहिली का? एकावर एक दोन चकत्या बसल्या की आधी ठीक वाटतं आणि मग एकदम धार लागते. नव्या चकतीला तेलाचं बोट फिरवा, ती टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण फेरा, पान्याने नाही. फिल्टर झाकणात बसणाऱ्या प्रकारचा असेल तर ओ-रिंग नेमकी तिच्या खाचेत आहे ना ते पाहा. खाच चुकली की तेल पाझरतं. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा. तरी ओलं राहत असेल तर आटे तपासा, जास्त आवळून प्रश्न सुटत नाही.

ऑइल प्रेशर स्विचचा कनेक्टर काढून आत पाहा. आत तेल असेल तर स्विच आतून फुटलाय. बदलणं सोपं आहे, पण एका तारेच्या स्विचच्या आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. त्याचं अर्थिंग त्या आट्यांतूनच इंजिनाला मिळतं, आणि पट्टीचे तुकडे तेलात जातात ते वेगळंच. चेंबरचं पॅकिंग घरी होऊ शकतं, पण आडवा सबफ्रेम (इंजिनाखालची आधाराची चौकट) वाटेत येत असेल तर सोडून द्या. पुढचं क्रँक सील गळत असेल तर पुलीभोवती वर्तुळात तेल उडालेलं दिसतं. त्यासाठी पुली काढावी लागते, आणि काही इंजिनांत पुलीचा बोल्ट सैल केला की टायमिंगचा गिअरच मोकळा फिरतो. ते माहीत नसताना हात घातलात तर व्हॉल्व्ह वाकतील. टायमिंगचा पट्टा तेलात भिजला असेल तर सीलबरोबर तोही बदलायचा.

समजा हे सगळं करून डाय बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातूनच चमकला आणि वरचं सगळं कोरडं निघालं. मग मेकॅनिक बरोबर आहे. गिअरबॉक्स उतरवणं हे घरचं काम नाही. वजन, आधार, क्लच मध्यावर आणणं, सगळंच अडचणीचं. महिन्याला पंधरावीस मिलिलिटर जात असेल आणि क्लच घसरत नसेल तर मी तुम्हाला थांबा म्हणेन. क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच, सील त्या वेळी टाका, सोबत इनपुट शाफ्टचंही. तोवर डिपस्टिक पाहत राहा. क्लच घसरू लागला, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, तर थांबण्यात अर्थ नाही.

बाटलीबद्दल. ही औषधं मुख्यतः कडक झालेल्या रबराला थोडं मऊ करतात, फुगवतात. मागच्या सीलचा हळू पाझर असेल तर काही दिवसांत कमी होऊ शकतो, मी कमी झालेला पाहिलाय, आणि परत सुरू झालेलाही. फाटलेलं पॅकिंग, सिलिकॉनचा निघालेला सांधा, वाकलेला वायसर किंवा फुटका स्विच यांवर त्याचा उपयोग शून्य. म्हणून गळती नक्की मागच्या सीलचीच आहे हे ठरल्यावरच ती ओता, आधी ओतलीत तर तपासाचाही गोंधळ होतो. जाड ग्रेडचं ऑइल टाकायचा सल्लाही मिळेल. पाझर जरा मंदावतो, पण नव्या प्रकारच्या इंजिनांत, विशेषतः व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असेल तर, पुस्तिकेतल्या ग्रेडबाहेर जाऊ नये असं माझं मत आहे.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा धुवा, पातळी बरोबर करा (वरच्या खुणेच्या पुढे नाही) आणि नवा पुठ्ठा घाला. पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालवून, मग पन्नास किलोमीटरनंतर, मग आठवड्याने बघा. खालचं प्लॅस्टिक कव्हर या आठवड्यानंतरच लावा. काढलेलं जुनं तेल डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत नाही. आणि नव्या पुठ्ठ्यावर पहिल्या दोनतीन दिवसांत एखादा थेंब दिसला तर लगेच सगळं उघडायला बसू नका. बेल हाउसिंगच्या आत आणि कडांच्या मागे साठलेलं जुनं तेल काही दिवस उतरत राहतं. तो भाग पुसा, तारीख लिहून पुठ्ठा बदला, आणि दुसऱ्या पुठ्ठ्यावर काय येतं ते मला कळवा. सोबत त्या सगळ्यात वरच्या ओल्या जागेचा फोटो असेल तर पुढचं नेमकं सांगता येईल.